फक्त प्रश्न विचारतोय

(शिवणकामाची खोली. मशीन, कापडाचे तागे, खिडकीतून दुपारचं ऊन. वहिनी आणि तिचा धाकटा दीर.)

दीर : म्हणजे तुम्ही त्याला इथे बोलावलंत? आपल्या घरी?

वहिनी : मग काय बागेत बोलावू? त्याला घरच हवंय, भाऊजी. मागे शिवणाचं मशीन, पुढे पांढऱ्या कपाळाची मी. 'लिफ्टमिस्त्रीची बायको पहिल्यांदाच तोंड उघडणार' अशी दवंडी पिटून झालीय त्याची. तो तागा जरा बाजूला घ्या, कॅमेरा ठेवायला जागा लागेल त्याला.

दीर : हा तोच मास्तर ना? दादाच्या फोटोभोवती लाल गोल काढून जगभर फिरवणारा?

वहिनी : तोच. आधी शाळेत पोरांना विज्ञान शिकवायचा, आता मोबाइलवरून सगळ्यांना शिकवतो. अतिरेक्यांनी पेट्रोलचा टँकर टॉवरच्या तळघरात घुसवला तो म्हणे नुसता देखावा. टॉवर पाडला तो लिफ्टच्या शाफ्टमध्ये लावलेल्या स्फोटकांनी. आणि ती स्फोटकं बॅगेतून आत नेली तुमच्या दादानं. एवढं सगळं त्याला घरबसल्या दिसलं.

दीर : आणि त्याला काय सांगून बोलावलंत?

वहिनी : 'मला आता खरं बोलायचंय.' एवढंच. त्यात खोटं काही नाही. गुळाला मुंगळा चिकटावा तसा चिकटला.

दीर : मग मला कशाला थांबवलंत?

वहिनी : इमारती बांधणारे इंजिनियर तुम्ही. लोखंडाचं तुम्ही बोला. बाकीचं मी बघते.

दीर : लोखंडाचं मी टॉवर पडल्यापासून बोलतोय, वहिनी. आकृत्या काढून, हातवारे करून. माझा व्हिडिओ माझ्या बायकोनंसुद्धा शेवटपर्यंत बघितला नाही. मध्येच घोरायला लागली.

वहिनी : कारण तुम्ही उत्तरं देता. तो प्रश्न विचारतो. उत्तर द्यायला अक्कल लागते, प्रश्न विचारायला नुसतं तोंड.

दीर : 'बाकीचं' म्हणजे काय ते सांगा. आणि ती कात्री आधी खाली ठेवा.

वहिनी : घाबरू नका. हिनं मी कापड कापते, माणसं नाही. मला त्याचं रक्त नकोय, भाऊजी. आईंचं जे झालं ते त्याचं व्हावं, एवढंच.

दीर : आईला ह्यात आणू नका.

वहिनी : का आणू नको? शेवटी त्यांचं सगळं मी केलंय. शेजारीण मोबाइल घेऊन आली आणि 'बघा हो, तुमच्या मुलाबद्दल काय दाखवतायत' म्हणून त्यांच्या नाकाशी धरून गेली. त्या दिवसापासून त्यांचं अन्नावरचं मन उडालं. एकदा मला म्हणाल्या, 'सूनबाई, खरं सांग, त्यानं केलं का गं?' पोटच्या पोराबद्दल! मी म्हटलं, आई, तुम्ही वेड्या आहात का? मान हलवली त्यांनी. दुसऱ्या दिवशी मी कापड आणून परतले, तर त्याचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. तो मी सरळ करायचे, त्या फिरवायच्या. तशाच गेल्या. लेकाला खुनी समजून गेल्या.

दीर : मला हे सांगितलं नव्हतंत.

वहिनी : काय सांगू? ज्यांनी टॉवर पाडला ते त्यातच मेले. त्यांच्याशी माझं भांडण संपलं, भांडायला कोणी उरलंच नाही. पण आईंना ह्यानं मारलं, आणि हा जिवंत आहे. बघा, दार वाजलं.

दीर : उघडू?

वहिनी : थांबा. उभा राहू दे जरा. आपणही राहिलोय लोकांच्या दारात. ... हं. आता उघडा.

मास्तर : नमस्कार, नमस्कार! ताई, आधी एक सांगतो, तुमच्या धैर्याला सलाम. हे कोण?

वहिनी : माझे धाकटे दीर. बसा, मास्तर. पाणी देऊ?

मास्तर : नको. म्हणजे, आत्ता नको.

वहिनी : काही कालवलेलं नाही त्यात.

मास्तर : अहो, तसं नाही! आमच्या कामात सावध राहावं लागतं इतकंच. सत्याला शत्रू फार. बरं, स्टँड इथे लावतो. तुम्ही मशीनपाशी बसा. एक हात मशीनवर. वा! ताई, आपण लाइव्ह जाणार. मागाहून कापाकापी नाही, जोडाजोडी नाही. म्हणून तर लोकांचा माझ्यावर विश्वास आहे.

वहिनी : कापाकापी नाही, नक्की?

मास्तर : शब्द देतो.

वहिनी : भाऊजी, तुमच्या मोबाइलवर लावा, आवाज बंद करून. लोक काय लिहितात ते मोठ्यानं वाचत जा. मला चष्म्याशिवाय दिसत नाही.

मास्तर : छान कल्पना. लोकांचा सहभाग! चला, सुरू. मित्रहो, आज मी बसलोय त्या घरात, जिथून तो माणूस रोज खांद्याला बॅग लावून टॉवरकडे निघायचा. मी नेहमी सांगतो, माझा कुणावरही आरोप नाही. मी फक्त प्रश्न विचारतोय. ताई, टॉवर पडण्याआधी तुमचे यजमान ऑफिसं सुटल्यावर टॉवरमध्ये जायचे. खरं?

वहिनी : खरं. लिफ्टचे दोर बदलत होते. दिवसा लोकांना लिफ्ट लागते.

मास्तर : आणि बॅगेत काय असायचं?

वहिनी : पाने, पकडी, ग्रीसचा डबा आणि जेवणाचा डबा. दोन्ही डबे एकमेकांना लागले की घरी येऊन माझ्यावरच ओरडायचा.

मास्तर : तुम्ही रोज बॅग उघडून बघत होतात?

वहिनी : रोज कशाला बघू? नवरा कामाला जातोय म्हटल्यावर बायको झडती घेते का?

मास्तर : म्हणजे बघितली नाहीत. नोंद घ्या, मित्रहो. आता सर्वात दुखरा प्रश्न. टँकरचा स्फोट झाला, आग लागली, सगळे बाहेर पळत होते. तुमचे यजमान बाहेर होते. आणि ते आत गेले. का?

वहिनी : वीज गेल्यावर लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकते. आतल्या माणसांना हातानं खाली आणावं लागतं. ते काम त्याला यायचं. एक लिफ्ट उतरवली त्यानं. त्यातली एक मुलगी मला भेटून गेली, माझ्या गळ्यात पडून रडली. मग तो दुसरीसाठी गेला.

मास्तर : किंवा शाफ्टमध्ये राहिलेलं काही काढून घ्यायला. मी म्हणत नाही हं. लोक विचारतात.

दीर : कुठले लोक? तुम्ही विचारायला लावलेले?

मास्तर : साहेब, तुम्ही इंजिनियर ना? मग एकच सांगा. पेट्रोलच्या आगीत पोलाद वितळतं?

दीर : नाही वितळत.

मास्तर : ऐकलंत, मित्रहो!

दीर : पुढचंही ऐकू द्या त्यांना. वितळायची गरजच नाही. लोहार कधी लोखंड वितळवतो का? लाल करतो, आणि मग ते त्याच्या हातोडीचं ऐकतं. तळघरात स्फोट झाला तेव्हा काही खांब जागीच गेले, उरलेल्यांवरचं आगीपासून वाचवणारं लिंपण उडून गेलं. त्यांनी गेलेल्या खांबांचं ओझंही अंगावर घेतलं आणि दिवसभर आगीत उभे राहिले. शेवटी मऊ पडले आणि वाकले.

मास्तर : मग झाडासारखा आडवा का नाही पडला? सरळ खाली कसा बसला?

दीर : झाड भरीव असतं. इमारत म्हणजे बहुतेक सगळी पोकळी. खालचं वाकल्यावर एवढा मोठा भार कशाच्या आधारानं आडवा होणार? वजनाला एकच दिशा ठाऊक असते, मास्तर. तुम्हीच शिकवायचात ना हे मुलांना?

मास्तर : आणि खिडक्यांतून निघालेले धुळीचे झोत? फट, फट, फट! एकेका मजल्यावर! माझ्या डोळ्यांनी बघितलेत.

दीर : मजला मजल्यावर आदळला की मधली हवा कुठे जाईल? ती उशी घ्या आणि तिच्यावर बसा. शिवणीतून हवा निघते की नाही? कोणी स्फोटकं लावली उशीत?

वहिनी : लोक काय लिहितायत, भाऊजी?

दीर : 'कोण हा बोअर?' 'भाऊच आहे, म्हणजे हाही सामील.' 'उशीवाल्या काकांना घालवा, ताईंना बोलू द्या.'

मास्तर : लोक भोळे नाहीत, साहेब. त्यांना कळतं.

वहिनी : मग लोकांचं ऐकू या. मीच बोलते. मास्तर, मी एखादा प्रश्न विचारला तर चालेल? तुम्ही इतके विचारता, मलाही हुरूप आला.

मास्तर : विचारा की! प्रश्नाला कधी घाबरू नये.

वहिनी : तुमच्या मंडळी कुठे नोकरीला होत्या हो?

मास्तर : ते मी कधी लपवलेलं नाही. टॉवरमध्येच. विम्याच्या ऑफिसात.

वहिनी : अगबाई! मग त्या वाचल्या कशा?

मास्तर : रजेवर होत्या त्या दिवशी. मुलीला ताप होता.

वहिनी : कधीपासून होता?

मास्तर : सकाळीच चढला.

वहिनी : आदल्या रात्री नव्हता?

मास्तर : ताप काय सांगून येतो?

वहिनी : नाही येत. वेळेवर आला, एवढंच म्हणतेय. आणि तुम्ही शाळेत होतात?

मास्तर : मी... मीही रजा टाकली होती.

वहिनी : दोघांनीही. एका तापाला.

दीर : वहिनी, हे काय करताय?

वहिनी : फक्त प्रश्न विचारतेय, भाऊजी. डॉक्टरांनी काय सांगितलं मग?

मास्तर : डॉक्टरकडे न्यावं लागलंच नाही. घरी गोळी दिली, संध्याकाळी उतरला.

वहिनी : टॉवर पडला आणि ताप उतरला.

मास्तर : ताई, हा काय चावटपणा आहे?

वहिनी : चावटपणा कसला? विम्याचं ऑफिस म्हणालात. टॉवरचा विमाही त्यांच्याकडेच होता का?

मास्तर : मला काय माहीत? माझी बायको तिथे पत्रं टाइप करायची!

वहिनी : कसली पत्रं?

मास्तर : अहो, पत्रं! साधी पत्रं!

वहिनी : रोज बघितली होतीत तुम्ही?

मास्तर : रोज कशाला...

वहिनी : म्हणजे बघितली नाहीत. नोंद घ्या, मित्रहो. भाऊजी, वाचा.

दीर : वहिनी, राहू द्या.

वहिनी : वाचा म्हणते ना.

दीर : 'थांबा. दोघंही रजेवर? हे मास्तर कधी बोलले नव्हते.' 'विमा!! आता कळलं.' 'मुलीचा ताप, हाहाहा.' 'ताई, सोडू नका त्याला.'

मास्तर : मित्रहो, मित्रहो, तुम्ही मला ओळखता!

दीर : 'आत्ता ओळखलं.'

वहिनी : तुमच्या त्या बॅगेत काय आहे, मास्तर?

मास्तर : कॅमेऱ्याचं सामान!

वहिनी : माझ्या नवऱ्याच्या बॅगेत पाने होते. आणि धूळ खाली बसायच्या आत तुमचा पहिला व्हिडिओ आला. लोक आपली माणसं शोधत होते, तेव्हा तुमचे लाल गोल काढून तयार. इतकी घाई कशी जमली? आधीपासून माहीत असल्यासारखी?

मास्तर : मी बंद करतोय हे.

वहिनी : करा. तुम्हीच शिकवलंय ना लोकांना, जो कॅमेरा बंद करतो त्याच्याकडे लपवण्यासारखं असतं?

दीर : तेच लिहितायत. 'बंद केलंस तर समजू.' 'मास्तर, हात कॅमेऱ्यापासून लांब.'

वहिनी : घाम आला तुम्हाला. आता पाणी घेता? अहो, कित्येक महिन्यांत मला आज भूक लागल्यासारखं वाटतंय.

दीर : वहिनी, पुरे झालं. कुणीतरी ह्यांचा पत्ता टाकलाय. घराचा. आणि मुलीच्या शाळेचं नाव. तिचा वर्ग. फोटो पण.

वहिनी : गोल काढलाय का भोवती?

दीर : ...हो.

वहिनी : लाल?

दीर : ती पोर आहे, वहिनी!

वहिनी : आणि आई कोण होत्या? आपल्या दारावर कोळशानं काय काय लिहिलं होतं ते मी पुसलंय, भाऊजी, तुम्ही नाही. एकेक गिऱ्हाईक मापं परत घेऊन गेलं. एका बाईनं तर माझ्या हातचं शिवलेलं झबलं परत पाठवलं, बाळाला चालणार नाही म्हणून. तेव्हा कोणी म्हणालं का, पुरे?

मास्तर : माझा फोन... घरचा आहे. हं, बोल. ... काय? ... गेटवर कोण आहेत? ... मोटारसायकलवर? ... नाही, नाही, दार उघडू नकोस! ते कुठल्या पत्रांबद्दल बोलतायत ते मला... अगं, तू रडू नकोस! ... ताई, हात जोडतो. सांगा ह्यांना. खोटं आहे म्हणून सांगा!

वहिनी : काय खोटं? तुमची बायको तिथे नोकरीला नव्हती?

मास्तर : होती, पण...

वहिनी : तुम्ही दोघांनी रजा घेतली नव्हती? मी एक शब्द खोटा बोलले असेन तर दाखवा. आणि खरं सांगायचं तर तुम्हीही नाही बोललात. माझा नवरा लिफ्टवर काम करायचा, खरं. बॅग होती, खरं. सगळे पळत असताना तो आत गेला, तेही खरं. खरे खरे तुकडे घेतलेत आणि खोटा सदरा शिवलात. मला शिवण येतं, मास्तर. मीही शिवला. कसा बसलाय अंगात?

मास्तर : तुम्हाला काय हवंय? मी काहीही म्हणतो!

वहिनी : 'काहीही' तर तुम्ही कायमच म्हणत आलात. आता एकदा नीट म्हणा. कॅमेऱ्यात बघून.

मास्तर : मित्रहो... ऐका. लिफ्टमिस्त्रीनं काही केलेलं नव्हतं. माझ्याकडे कसलाही पुरावा नव्हता. कधीच नव्हता. तो माणसं काढायला आत गेला आणि मेला. टॉवर आगीनं पडला. मला ते कळत होतं... शिकवलंय मी ते. झालं? ताई, झालं का?

वहिनी : भाऊजी?

दीर : 'वदवून घेतायत.' 'खोलीत तिसरा कोण आहे, दाखवा.' 'मास्तर दोनदा डोळे मिटतोय, ही खूण आहे.' 'दोघं मिळालेले आहेत.'

मास्तर : अहो, कसली खूण! घाम गेलाय डोळ्यांत!

दीर : वहिनी, तुम्ही बोला. तुमचं ऐकतील. त्यांच्या गेटवर आता बरेच जण जमलेत, कुणीतरी तिथूनच दाखवतंय.

वहिनी : मी का बोलू?

दीर : खिडकीत ती मुलगी दिसतेय. हे बघा. चष्मा घाला आणि बघा.

वहिनी : द्या चष्मा. ... दिसली. इकडे करा तो कॅमेरा. ऐका रे. मी मिस्त्रीची बायको. ह्या माणसाच्या मुलीला त्या दिवशी खरंच ताप होता, दुसरं काही नव्हतं. हे सगळं मी मुद्दाम केलं. सूड म्हणून. ह्याचा राग माझा आहे, तुमचा नाही. त्या घरापुढून निघा. भाऊजी, वाचा.

दीर : 'ताईंना धमकावलं.' 'हिलाही गप्प केलं, बघा चेहरा.' 'घाबरू नका ताई, आम्ही बघतो त्यांच्याकडे.'

मास्तर : अरे देवा. हे ऐकत का नाहीत?

वहिनी : तुमचेच विद्यार्थी. आता बंद करा तो कॅमेरा. भाऊजी, गाडी काढा. ह्यांना मागच्या गल्लीनं घरी पोचवा, आणि वाटेत पोलीस चौकीवर थांबून दोघं शिपाई बरोबर घ्या.

मास्तर : ताई, मी तुमचे उपकार...

वहिनी : उपकार नाहीत. तुम्हाला मी क्षमा केलेली नाही, करणारही नाही. उद्या तुमच्या गेटवर कुणी शेण फासलं तर मला वाईट वाटणार नाही. पण ती मुलगी खिडकीत उभी आहे. द्या तो फोन.

मास्तर : ती घाबरलीय फार...

वहिनी : द्या म्हणते ना! ... हॅलो. ताई, मी बोलतेय. हो, तीच. शिव्या मागाहून द्या, मी घेईन. आधी मुलीला खिडकीतून आत घ्या. पुढच्या खोलीत कुणी थांबू नका, काच फुटली तर तिथेच येते. पडदे ओढून घ्या. ... ओढलेत? बरं. तिच्या हातात मोबाइल आहे का? काढून घ्या. ... वाचलंय तिनं? ... हं. मग ती विचारेल तुम्हाला, बाबांनी खरंच केलं का म्हणून. नाही म्हणा. लगेच म्हणा, रागावू नका तिच्यावर. पुन्हा विचारलं तर पुन्हा म्हणा. ... मास्तर निघालेत, माझे दीर आणतायत. ... नाही, ताई, दरवाजाआडून त्यांच्याशी बोलू नका. तुम्ही जे बोलाल त्यातलं त्यांना हवं तेवढंच ते ठेवतील. ... काय म्हणालात? ... किती दिवस चालतं हे? ... ते मला नाही सांगता यायचं. आमच्याकडे अजून थांबलेलं नाही.